पाद्रीबुवांची गाडी तेल खात नाही

ब्रादेत नावाच्या गावात आव्रामच्या कानाला मान होता. वळणापलीकडून ट्रॅक्टर यायचा, अजून दिसायचासुद्धा नाही, आणि हा घराच्या पायरीवर बसल्या बसल्या सांगायचा, "पंप गेलाय त्याचा, उद्या येईल माझ्याकडे." आणि दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर दारात उभा. लोक म्हणायचे, एक वेळ डॉक्टर चुकेल, आव्राम चुकायचा नाही. हे ऐकून तो "छे छे, उगाच काय" म्हणायचा आणि आतून फुगायचा. माणूस वाईट नव्हता हो. कष्टाळू होता, पिऊन दंगा करणारा नव्हता, कुणाचं काम अडवून ठेवणारा नव्हता. पण स्वतःच्या हुशारीवर त्याचं जे प्रेम होतं ना, तेवढं त्याने बायकोवरही केलं नसेल.

बाप खाणीत होता. आव्राम जमिनीखाली उतरला नाही, खाणीच्या वर्कशॉपात चिकटला. खाण बंद पडली तेव्हा अर्धा गाव इटलीला गेला, तसा हाही गेला. तिथे टोमॅटो तोडले, सिमेंट कालवलं, आणि भाषा जिभेवर बसते न बसते तोच घरच्या ओढीने परत आला. गाय विकली, गव्हाण उपटून काढली आणि गोठ्यात गॅरेज टाकलं. पाटी कधी लावली नाही. "पाटी लागते अनोळखी माणसाला," म्हणायचा.

गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकासाठी त्याचं एक प्रवचन ठरलेलं होतं. "हे बघ, आधी इंजिनला हात लावायचा. गार असेल तर पुढचं बोलायचं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर चहाकॉफीला न थांबता उठायचं. गार इंजिन चालू होताना खरं बोलतं. तापलेलं दाखवणारा माणूस लबाड असतो, लिहून घे माझ्याकडून." दरीतल्या सगळ्या तरण्या पोरांना हे पाठ होतं.

आणि हाच आव्राम एक दिवस शहराबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला आणि तापलेल्या इंजिनाची मोटारसायकल घेऊन आला.

झालं असं, की विकणाराही इटलीत राहून आलेला निघाला. त्याने इटालियनमध्ये दोन गोष्टी केल्या, आव्रामने त्याला चार ऐकवल्या. "तुमच्यासारखं जाणकार गिऱ्हाईक क्वचित येतं हो," असं तो म्हणाला, आणि आमचा जाणकार तिथेच विरघळला. गाडी होतीही देखणी. जपानी, उंच, जाड चाकांची, चिखलाच्या रस्त्याला हवी तशी. आव्रामने ब्रेक पाहिले, चेन पाहिली, टाकीवरून हात फिरवला. इंजिनला हात लावायचं तेवढं राहून गेलं. मग घाट चढताना आरशात बघतो तर मागे निळा धूर. थांबून तेल मोजायची काडी ओढली, तर तिच्या टोकाला नुसता ओशटपणा. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या होत्या. गाडी पेट्रोलच्या जोडीने तेलही पीत होती.

दुसरा कुणी असता तर त्या विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा झाला असता. आव्रामला ते कसं जमावं? साऱ्या दरीला अक्कल शिकवणारा स्वतःच फसला, हे सांगायचं कुणाला? नव्या रिंगा मागवाव्यात तर शहरातल्या दुकानात गाडीचं नाव सांगायला हवं, आणि तो दुकानदार म्हणजे चालताबोलता रेडिओ. म्हणून त्याने गाडी कोपऱ्यात ढकलली आणि वर ताडपत्री टाकली. कुणी विचारलंच तर "सवडीने बघू" म्हणायचा.

त्याच सुमाराला गावचे जुने पाद्री वारले आणि त्यांच्या जागी युस्तिन आले. वय एवढं कोवळं, की पहिल्या रविवारी म्हाताऱ्या बायका त्यांचा हात चुंबायच्या आधी "जेवलास का बाळा" विचारत होत्या. ब्रादेत आणि वरच्या डोंगरातल्या सगळ्या वाड्या त्यांच्या एकट्याच्या अंगावर. त्यात सगळ्यात उंचावरच्या वाडीचा, मागुऱ्याचा, रस्ता दरडीने गिळलेला. त्यांची छोटी मोटार तिथवर चढेना. एक दिवस ते पायी मागुऱ्याला जाऊन परत येताना गोठ्यात शिरले. काळा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

"आव्रामकाका, ताडपत्रीखाली काय लपवलंय?"

"लपवलंय कुठे? पडलीय एक मोटारसायकल. तुम्हाला कशाला ती, पाद्रीबुवा? झगा चाकात जाईल."

"झगा वर खोचीन की. चालते का?"

इथे आव्राम "नाही" म्हणू शकला असता. शब्द ओठांवर आलाही होता. पण पाद्रीबुवा हसून म्हणाले, "मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण तुमच्या गोठ्यातली गाडी म्हटल्यावर मला काळजीच नको. सगळी दरी सांगते."

झालं! पुन्हा विरघळला.

"उद्या या," तो म्हणाला. "पुसून ठेवतो."

सकाळी उठून त्याने इंजिनात घट्टातलं घट्ट तेल भरलं, धूर दाबायचं औषध मिळतं ते ओतलं, आणि पाद्रीबुवा यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको सावेता ओरडली, "आव्राम, अरे कधीचं घुरघुरतंय ते! कुणासाठी तापवतोयस एवढं?" तो फडक्याने टाकी पुसत राहिला. मग तिच्या लक्षात आलं, कारण गिऱ्हाइकांना कॉफी देता देता ते इंजिनाचं प्रवचन तिनेही अनेकदा ऐकलं होतं. खिडकी मात्र जरा जोरातच लावली तिने.

नफा काही त्याने काढला नाही. घेतली तेवढ्यालाच दिली, आणि मग यात पाप कसलं, अशी स्वतःची समजूत घातली. समजूत दुपारपर्यंत टिकली. दुपारी पाद्रीबुवा मागुऱ्याला गाडीवरून गेले, तो आवाज दरीत घुमत वर वर जाताना आव्रामने ऐकला आणि हातातला पाना खाली ठेवला. ह्या माणसाला काडी ओढून बघायचं सुचणार नाही. एक दिवस इंजिन कोरडं पडेल, चाक जागच्या जागी जाम होईल, आणि खाली दरी आहे. संध्याकाळी ताटातला मक्याचा मामालिगा गार झाला तरी ह्याचा घास उचलेना.

सांगून टाकायचं, की तेलावर लक्ष ठेवा? पण मग पाद्रीबुवा विचारणार, का? आणि ह्या "का"ला उत्तर एकच होतं.

तेव्हा त्याने वेगळाच मार्ग काढला. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते तेव्हा गावचे निम्मे पुरुष सिगारेट ओढायला बाहेर उभेच असतात. गाडी चर्चच्या मागच्या भिंतीला टेकवलेली असायची. आव्राम कोटाच्या आतल्या खिशात तेलाची बाटली घेऊन जायचा, सावकाश मागे सटकायचा, गाडी सरळ धरून काडी बघायचा, लागेल तेवढं तेल ओतायचा आणि घामेजलेलं तोंड पुसत परत यायचा. बाटली होती त्सुइकाची. गावात प्रत्येक घरी आलुबुखाराची ही घरगुती दारू ज्या बाटलीत भरतात, तीच. दुसरी होती कुठे?

लोकांना काय दिसलं? आव्राम दर रविवारी बाटली घेऊन चर्चच्या मागे जातो आणि तोंड पुसत येतो. कुजबुज सुरू झाली. सावेताला विहिरीवर बायका उगाचच कणव दाखवू लागल्या. "माझा दादलाही असाच होता गं, हळूहळू सुटते," कुणीतरी म्हणालं. ती घरी येऊन संतापली, "सांग ना लोकांना, तू पीत नाहीस म्हणून!"

"मग बाटलीत काय असतं म्हणून सांगू?"

लबाड म्हणवून घेण्यापेक्षा दारुडा परवडला, असा त्याचा हिशेब होता. कहर म्हणजे पाद्रीबुवांनीसुद्धा एकदा त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "काका, काही दुःख असेल तर माझ्याकडे या. बाटलीकडे नको." आव्रामला वाटलं, धरणीने आत्ता पोटात घ्यावं.

आणि दुसरीकडे पाद्रीबुवा गाडीचे गोडवे गात सुटलेले. कुणीतरी शहाण्याने त्यांना शिकवलं होतं, की तेल बघत जा. त्यांनी बिचाऱ्यांनी एका सोमवारी बघितलं, पुढच्याही सोमवारी बघितलं, तेल आपलं काठोकाठ. मग बघायचंच सोडून दिलं. जाईल तिथे सांगायचे, "एक थेंब तेल खात नाही! आव्रामकाकांची गाडी आहे." गावात ती म्हणायची तऱ्हाच होऊन बसली. एखादा माणूस काटकसरी असला की लोक म्हणायचे, पाद्रीबुवांच्या गाडीसारखा आहे. आव्रामकडे गिऱ्हाइकं वाढली. प्रवचन मात्र त्याने बंद केलं. कुणी विचारलं की "बघून घे तुझं तू" म्हणून वाकून कामाला लागायचा.

असाच उन्हाळा गेला, बर्फ पडलं, वितळलं, आणि ईस्टरआधीचा उपवास आला.

उपवासात गावातला प्रत्येक जण एकदा पाद्रीसमोर गुडघे टेकून पापांची कबुली देतो, तेव्हा कुठे ईस्टरचा प्रसाद मिळतो. पाद्री आपल्या गळ्यातला भरजरी शेला तुमच्या डोक्यावर घालतो आणि तुम्ही त्या शेल्याखाली बोलायचं. आता आव्रामची पंचाईत बघा. पाप ज्याच्याशी केलं, शेला त्याचाच! पाठदुखीचं निमित्त करून त्याने टाळाटाळ चालवली. शेवटी सावेताने कंबर कसली.

"ईस्टरला सगळं गाव प्रसाद घेणार आणि तू दारात उभा राहणार? दारुडा तर म्हणतातच. आता नास्तिकही म्हणू देत."

"सावेता, तुला माहितेय मला तिथे काय सांगावं लागेल."

"गाडी विकलीस त्याच सकाळपासून मला माहितेय," ती म्हणाली. "वाट बघत होते तुला कधी माहीत होतंय त्याची."

तो गेला. शेल्याखाली अंधार होता आणि उदाचा वास होता. आधी त्याने किरकोळ पापं सांगितली, उपवासात खाल्लेलं सॉसेज, शेजाऱ्याला दिलेली शिवी. मग एका दमात सगळं ओकला. तापवलेलं इंजिन, औषध, बाटली, सगळं. डोक्यावरचा हात हलला नाही.

मग पाद्रीबुवा हलक्या आवाजात म्हणाले, "काका, इथे ऐकलेलं माझ्यापाशी राहत नाही, ते देवापाशी जातं. इथून उठल्यावर मला हे माहीत नाही. समजतंय ना? मी त्याच्या आधाराने गाडीची काडीसुद्धा ओढायची नाही, असा नियम आहे. तुम्ही बाहेर या, उजेडात, माणसासारखं माझ्या दारात, आणि मला सांगा. हेच तुमचं प्रायश्चित्त. दुसरं काही नाही."

"येतो," आव्राम म्हणाला. खरंच यायचं होतं त्याला.

बाहेर पडला तेव्हा एवढं हलकं वाटलं, की घरी येऊन दोन ताटं जेवला. आणि त्या हलकेपणानेच घात केला. उद्या सांगू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवांची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती, तिच्यादेखत कसं सांगणार? तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. आणि मनात आतल्या आत त्याने ठरवून टाकलं, की सांगायची तशी गरजही उरलेली नाही. नियम नियम म्हणतात, पण कानाने ऐकलेलं माणूस विसरतो थोडंच? जिवाशी गाठ आहे, बघतील की तेल आपलं आपण. ते बोलायचं म्हणून बोलले.

त्या रविवारी त्याने बाटली घरीच ठेवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चर्चमध्ये उभा राहिला. लोकांनी एकमेकांना कोपरं मारली, सुटली वाटतं त्याची. प्रार्थना संपल्यावर फाटकापाशी पाद्रीबुवा थबकले.

"काका, काही बोलायचंय?"

भोवती माणसं होती. "नाही बुवा. सगळं ठीक."

"बरं," पाद्रीबुवा म्हणाले. आणखी क्षणभर थांबले. मग गाडीवर बसले, बटण दाबलं. आव्रामच्या कानाने ऐकायचं ते ऐकलं. इंजिनाच्या डोक्यात बारीक टकटक लागली होती, तेल कमी झाल्यावर लागते तशी. गावात दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नसती.

तरीही त्याने बाजूला होऊन वाट करून दिली.

पुढे आठवड्याच्या मध्यावर मागुऱ्याहून निरोप आला. इलारी म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. त्याची मुलगी राफिला टेकडीवर चढून, जिथे फोनला रेंज मिळते तिथून ओरडून सांगत होती, की बाबा शुद्धीत आहेत, पाद्रीबुवांना बोलावताहेत, कसलीशी कबुली द्यायचीय म्हणतात, अजून कुणाला सांगितली नाही अशी. लवकर या.

आव्राम फाटकाजवळ कुंपणाची तार ताणत होता. शेजारचा त्रायानही होता मदतीला. रस्त्याने गाडी येताना ऐकली आणि आव्रामच्या हातातून पक्कड सुटली. टकटक नव्हती आता, खडखड होती. बघितलं नव्हतं त्यांनी तेल! खरंच बघितलं नव्हतं! तो रस्त्यात आला, हात वर केला. पाद्रीबुवांनी गाडी थांबवली. खांद्यावरच्या पिशवीत प्रसादाची डबी होती, तिच्यावर एक हात. इंजिन चालूच होतं. ते आव्रामकडे बघत राहिले. बघणं असं, की जणू काही ह्याच्याच तोंडून एक शब्द ऐकण्यासाठी आयुष्यभर थांबायची तयारी आहे.

"काय काका?"

त्रायान कुंपणावर हात ठेवून ऐकत होता. त्रायानला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत दरीला कळलं.

"सावकाश जा," आव्राम म्हणाला. "वर चिखल आहे."

पाद्रीबुवांनी मान खाली घातली. "जातो," म्हणाले, आणि गेले.

तो आवाज वर वर गेला. मधल्या वाडीपर्यंत आव्राम तो कानाने धरून होता. शेवटच्या चढावर आवाज किंचाळला आणि तुटला. त्रायान म्हणाला, "काय रे, पांढरा पडलास?" आव्राम ट्रॅक्टर काढायला धावला. दरडीपर्यंत गेला, पण चिखल एवढा, की चाकं रुतून बसली. वेळ गेला तो गेलाच. चालत वर पोचला तेव्हा गाडी रस्त्यात आडवी पडलेली होती आणि चिखलात एका माणसाच्या पावलांचे ठसे होते, मध्ये मध्ये घसरलेले. पाद्रीबुवा कोपर फुटलेल्या हाताने डबी छातीशी धरून पुढे चालत गेले होते. पोचले, तेव्हा इलारी म्हातारा गेलेला होता.

दफनाच्या दिवशी मागुऱ्यात सगळी दरी जमली. आव्रामही गेला. गाडी आणायची हे निमित्त, पण गेला तो पाय ओढत गेला. पाद्रीबुवांचा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी प्रार्थना म्हटल्या, माती लोटली, आणि सगळे राफिलाच्या अंगणात परतले. मेलेल्याच्या नावाने तिथे प्रत्येकाला एक गोल कड्यासारखा पाव आणि मेणबत्ती देतात, आणि घेणाऱ्याने मेलेल्यासाठी देवाकडे क्षमा मागायची असते. पाटावर ते पाव रचून ठेवलेले होते. राफिलाने पहिला पाव उचलला आणि पाद्रीबुवांसमोर येऊन थांबली. दिला नाही.

"आम्ही गाडी ऐकली," ती म्हणाली. "बाबांनीही ऐकली. म्हणाले, आले बघ. उशी उंच कर माझी. मी केली. मग आवाज थांबला. विचारत राहिले, का थांबले गं? मी काय सांगू? बोलायचं ते पोटात घेऊन गेला माझा बाप. घाटात बंद पडणारी गाडी घेऊन मरणाऱ्याकडे येतात का, पाद्रीबुवा?"

"चुकलं माझं," पाद्रीबुवा म्हणाले.

कुणीतरी एक म्हातारा आव्रामकडे वळला. "तू गाडी पाहिलीस ना रे? तुला कळतं त्यातलं. काय झालं होतं?"

सगळ्यांनी मान वळवली. कानाला मान होता ना! न्याय करायला तोच हवा होता त्यांना.

"तेल नव्हतं," आव्राम म्हणाला.

"घ्या!" म्हातारा म्हणाला. "तेलसुद्धा बघायला नको माणसाने?"

"बघायला हवं होतं," पाद्रीबुवा शांतपणे म्हणाले. "माझीच चूक आहे, राफिलाताई. दुसऱ्या कुणाची नाही."

"गप्प बसा!" आव्राम ओरडला. पाद्रीवर ओरडलेलं त्या अंगणाने कधी ऐकलं नव्हतं. "गप्प बसा तुम्ही, पाद्रीबुवा. गाडी तेल खाते. मी विकली तेव्हापासून खाते. मी फसून घेतली आणि लाज वाटली म्हणून ह्यांच्या गळ्यात मारली, इंजिन तापवून, औषध घालून. कळू नये म्हणून दर रविवारी मीच तेल ओतत होतो, चर्चच्या मागे, त्या बाटलीतून."

"म्हणजे तू पीत नव्हतास?" त्रायानच्या तोंडून निघून गेलं. कुणी हसलं नाही. सावेता गर्दीच्या मागे उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

राफिला त्याच्याकडे बघत होती. रडून रडून तिचा चेहरा सुजलेला होता, आणि तिला फक्त एकच गोष्ट कळत नव्हती.

"दर रविवारी ओतत होतात ना," ती म्हणाली. "मग या रविवारी का नाही ओतलंत?"

आव्रामने तोंड उघडलं. उत्तर खरं होतं आणि जिभेवर होतं. कारण मी त्यांना सांगितलं होतं. कारण त्यांना माहीत होतं. पण हे एवढं बोललं, की संपलं. शेला आणि नियम कुणाच्या डोक्यात शिरणार? लोक एवढंच धरून बसतील, की माहीत असून गाडी कोरडी हाकली आणि इलारीला वाऱ्यावर सोडलं. त्याने पाद्रीबुवांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. त्यांना काही बोलता येणार नव्हतं, आजही नाही आणि कधीच नाही.

"कंटाळा केला," आव्राम म्हणाला.

पाद्रीबुवांनी झटकन मान वर केली.

"कंटाळा," राफिला म्हणाली. ओरडली नाही ती, हीच त्याची सगळ्यात मोठी शिक्षा झाली. हातातला पाव तिने पाद्रीबुवांना दिला, वाकून त्यांच्या बांधलेल्या हाताचं चुंबन घेतलं. मग पाटावरून दुसरा पाव उचलला, मेणबत्ती उचलली आणि आव्रामसमोर धरली.

"मला नको, राफिला. मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

"आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नसतं. माझ्या बापाच्या नावाचा आहे. घ्या आणि म्हणा."

त्याने पाव घेतला. तो अजून कोमट होता. "देव त्यांना क्षमा करो," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"देव त्यांना क्षमा करो," आव्राम मोठ्याने म्हणाला. सगळ्या अंगणाने ऐकलं. राफिलाने मान डोलावली आणि पुढचा पाव उचलला, कारण त्याच्या मागे त्रायान हात पुढे करून उभा होता.